डॉक्टर म्हणाले, धूळ नको

४ मार्च, बुधवार

एका रात्रीत! एका रात्रीत पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखी झाली गाडी! काल संध्याकाळी दारात लावली तेव्हा बोनेटमध्ये माझा चेहरा दिसत होता, अगदी नाकातल्या केसांसकट. आज सकाळी बोट फिरवलं तर बोट पांढरं.

गाडी जावईबापूंची. वापरलेली घेतली, जुनीच आहे, आणि काळी. काळी कोण घेतं? विचारलं तर म्हणाले, "बाबा, काळी रुबाबदार दिसते." रुबाब त्यांचा, फडकं माझं! चार दिवस त्या डिटेलिंगवाल्याकडे होती. बाहेरून घासली, पॉलिश केली, वर कसलंसं कोटिंग चढवलं. आतून सीटा, मॅट, छत, एसीच्या जाळ्या, सगळं वाफेने साफ केलं. आता ती एकदाच बाहेर काढायची, माझ्या नातीला हॉस्पिटलातून घरी आणायला. बाईसाहेब दीड महिना आधीच आल्या. अजून काचेच्या पेटीत आहेत. मी पाहिलेल्या नाहीत. फोनवर एक फोटो आहे, त्यात टोपी दिसते आणि नळ्या दिसतात.

आत आई-बापाशिवाय कोणाला सोडत नाहीत. ही लेकीसोबत तिच्या खोलीत राहते. मीही परवापर्यंत रोज जात होतो. पण परवा वॉचमनने "आजोबा, तिकडे बाकावर बसा" म्हटलं आणि माझा आवाज चढला. चढला म्हणजे वरच्या मजल्यावरची नर्स खाली आली. मागच्या वर्षी हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून घरात मला सगळे लोणच्याची बरणी समजतात. जरा हललो की धावतात. हिने मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, तुम्ही घरी जा. डॉक्टर म्हणाले, बाळाची फुप्फुसं नाजूक आहेत, धूळ अजिबात नको. गाडी आता तुमच्याकडे. आतबाहेर एक कण दिसता कामा नये. तुमच्याशिवाय कोणाला जमणार हे?"

शेवटचं वाक्य साखर पेरून म्हटलं होतं ते कळलं मला. पण खोटं नाही ते! जावईबापूंना जमणार? ते बुटांना पॉलिश करतात तेव्हा मोज्यांना जास्त लागतं.

५ मार्च, गुरुवार

डिटेलिंगवाल्याला फोन केला. म्हणतो, आठ दिवस पाणी लावायचं नाही, कोटिंग मुरायचंय. बरं म्हटलं, कोरडं पुसतो. तर ओरडला! "अजिबात नाही काका! धूळ घासली की चरे पडतात. कोरडं फडकं म्हणजे गाडीचा शत्रू."

ओलं नाही. कोरडं नाही. मग काय, फुंकर मारू?

"हो काका, तेच. वारा मारा."

तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मोठी गाडी आणि मी फुंकर मारत बसू!

संध्याकाळी हिचा फोन. नात बरी आहे, वजन थोडं वाढलं. तिथल्या नर्स तिला चिंगी म्हणतात. फोन ठेवताना हिने विचारलंच — "गाडी पुसली का?" 

पुसायचीच नाही म्हणतोय तो! हिला काय सांगणार.

६ मार्च, शुक्रवार

उपाय सापडला. लेकीचा केस वाळवायचा ड्रायर! एक्स्टेन्शनची वायर खिडकीतून बाहेर काढली, ड्रायर थंड हवेवर ठेवला आणि छतापासून खालपर्यंत सगळी धूळ उडवली. शेवटी वीज कंपनीत उभी हयात गेली माझी, वायर कुठून कशी न्यायची ते मला नको शिकवायला. 

उडवलेली धूळ अर्धी माझ्या चष्म्यावर, अर्धी परत बोनेटवर. पण अर्धी तर अर्धी.

समोरचा गॅलरीतून बघत होता. याला मी मनात हसऱ्या म्हणतो. काहीही झालं तरी दात बाहेर. म्हणाला, "काका, गाडीचे केस ओले होते का?" 

वायर गुंडाळून आत आलो.

७ मार्च, शनिवार

आता कळलं धूळ कुठून येते ते! हसऱ्याच्या घरी नवी फरशी बसतेय. फरशी कापायचं मशीन त्याने आपल्या अंगणात लावलंय — माझ्या, म्हणजे जावईबापूंच्या, गाडीपासून चार पावलांवर! मशीन सुरू झालं की पांढरा ढग उठतो आणि सरळ रस्ता ओलांडून आमच्याकडे येतो. दुसरीकडे जातच नाही. गल्लीत दुसरी घरं नाहीत का?

गेलो. नीट बोलायचं ठरवून गेलो होतो. पण त्याने दार उघडलं तेच हसत.

"काका, आठपंधरा दिवसांचं काम आहे. मग आम्ही शांत, तुम्ही शांत."

म्हटलं, माझी नात यायची आहे, डॉक्टर म्हणाले धूळ नको. तर म्हणाला, "अरे वा! कधी येतेय? आणि काका, धूळ काय, माझ्या गाडीवर बघा किती आहे. बसते आणि जाते."

त्याची गाडी खरंच बघण्यासारखी आहे. मूळ रंग कोणता ते त्यालाही आठवत नसेल. मागच्या काचेवर गल्लीतल्या पोरांनी बोटांनी तोंडं काढलीत, एकाला मिशा. हा त्याच गाडीतून रोज कामाला जातो, लाज नाही वाटत.

फरशीवाल्याला सांगितलं, कापताना पाणी सोडत जा, धूळ उडणार नाही. तो "हो हो" म्हणाला. पाणी सोडलं नाही.

८ मार्च, रविवार

रविवारीसुद्धा मशीन चालू. माणसं आहेत की राक्षस!

१० मार्च, मंगळवार

शुक्रवारी सोडणार! हिचा सकाळीच फोन आला. लेकीशीही बोललो. आवाज हसरा होता. "बाबा, ती माझं बोट धरते. सोडतच नाही." बरं वाटलं. मग लेक म्हणाली, "गाडी चमकतेय ना?" आईची लेक!

शुक्रवार म्हणजे हाताशी फार दिवस नाहीत. ड्रायरवर भागणार नाही. बाजारात जाऊन गाडीचं कव्हर आणलं, जाड, चांदीसारखं. घातलं तेव्हा समोरून मशीन सुरूच होतं. कव्हरवर धूळ बसताना बघून मी खरं सांगतो, आनंदाने हसलो. बस म्हटलं! बस किती बसायचं ते!

१२ मार्च, गुरुवार

लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

कव्हर काढलं. ऊन पडलं होतं. बोनेटवर बारीक बारीक गोल चरे — कोळ्याने जाळं विणल्यासारखे. डिटेलिंगवाल्याला बोलावलं. आला, गाडीभोवती फिरला, आणि मी खून केल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. 

"काका, धूळ असताना कव्हर घातलंत?"

"धूळ बसू नये म्हणूनच घातलं."

"आधीच बसलेली होती. वाऱ्याने कव्हर हललं, ती आत घासली गेली. कव्हर नेहमी स्वच्छ गाडीवरच घालायचं."

स्वच्छ गाडीवर कव्हर कशाला घालू? स्वच्छ असेल तर ती स्वच्छच आहे! आणि स्वच्छ ठेवायला घालायचं तर आधी ती स्वच्छ कशी करू — पाणी नाही, फडकं नाही! असं विचारलंच त्याला. शेवटी भला माणूस, त्याने त्याच्या मशीनने चरे काढून दिले, पाण्याची मुदतही संपल्याचं सांगितलं. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. मऊ फडक्याने वरून खाली यायचं. हे असं आधी सांगितलं असतं तर!

दुपारभर धुतली. कंबर मोडली. पण दिसतेय! मग लगेच, एक कणही बसायच्या आत, कव्हर.

उद्या चिंगी येणार. पाळण्याची जागा हिने सांगितली होती तशी खिडकीपासून दूर केली. दाढी आत्ताच करून ठेवली.

१३ मार्च, शुक्रवार

नाही सोडलं.

वजन कमी पडतंय म्हणे. "चारपाच दिवस आणखी," ही म्हणाली. म्हटलं, मी येतो, डॉक्टरांशी बोलतो. तर घाईघाईने म्हणाली, "नको नको, तुम्ही गाडीकडे बघा." 

गाडीकडे बघा! जन्मात दुसरं काही केलं नसल्यासारखं गाडीकडे बघतोय! सगळे तिथे, तिच्याजवळ. मी इथे पत्र्याच्या डब्याला पहारा देत. नात माझी नाही का? मला एकदा, एकदाच काचेतून बघू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

१४ मार्च, शनिवार

रात्री रागारागात झोपलो, सकाळी डोकं चाललं. बाहेरून कितीही पुसा, खरी धूळ आत जाते ती दाराच्या फटीतून! आज आत बसून बघितलं तर डॅशबोर्डवर पुसट थर. आतून सगळं पुसून घेतलं आणि जुने टॉवेल कापून, ओले करून, घट्ट पिळून, चारही दारांच्या फटीत बसवले. दार त्यावर दाबून लावलं. थोडं जोर लावूनच बसतं, पण धुळीच्या बापाची हिंमत नाही आत जायची. वर कव्हर.

हसऱ्या होताच गॅलरीत. "काका, दाराला आतून रबर असतं की!"

असतं, मलाही माहीत आहे. त्या रबराला नातीची काळजी आहे का?

आता रोजचा नेम ठरवला. संध्याकाळी कव्हर काढून मागचं दार उघडायचं. दार उघडलं की छताचा दिवा लागतो, छान सोय आहे. त्या उजेडात सीटा तपासायच्या, टॉवेल पुन्हा ओले करून बसवायचे.

१५ मार्च, रविवार

आज मशीन बंद होतं. हसऱ्या स्वतः सांगायला आला, "काका, आज सुट्टी दिली त्यांना, तुमच्या नातीसाठी." दात दिसत होतेच. मी "बरं" म्हटलं. आणखी काय म्हणणार? उद्या पुन्हा उडवणारच आहेस ना!

१७ मार्च, मंगळवार

आज एक नवलच झालं. हिचा दुपारी फोन आला. एरवी फोन संध्याकाळी, आणि दोन मिनिटांच्या वर नाही. आज "हॅलो" म्हटल्याबरोबर, चिंगीचं नाही, लेकीचं नाही, एकदम — "गाडी पुसली का?"

म्हटलं, हो.

"नीट सांगा. काय काय केलं?"

चाळीस वर्षांत हिने माझ्या कुठल्या कामाबद्दल "नीट सांगा" म्हटलेलं आठवत नाही! मी बिलांचं काही सांगायला लागलो की हिला लगेच गॅसवरचं दूध आठवायचं. मी सगळं सांगितलं. दोन बादल्या. फडक्याची घडी कशी घालायची, एक बाजू मळली की दुसरी कशी घ्यायची. टॉवेल. हसऱ्याचं रबर. फरशीवाल्याने अखेर मशीनवर पाण्याची नळी लावली तेही. मध्ये थांबून विचारलं, ऐकतेस ना? तर म्हणाली, "बोला, बोला. ऐकतेय."

मग विचारते, "आणि मागची काच?" मागच्या काचेचं राहिलंच होतं सांगायचं. तेही सांगितलं. इतकं मन लावून ऐकलं आज हिने. मीही वाहवत गेलो, चाकांच्या जाळीतली धूळ जुन्या दातांच्या ब्रशने कशी काढली ते रंगात येऊन सांगत होतो, आणि मध्येच फोन बंद! माझं वाक्य अर्धं. परत लावला तर उचलेना. संध्याकाळी मेसेज — "सगळं ठीक. उद्या बोलू."

असं असतं. कौतुक करायचं ते अर्ध्यावर. राहिलेलं चाक कोणाला सांगू?

१८ मार्च, बुधवार

जावईबापू सकाळी आले. दाढी वाढलेली, शर्ट कालचा. मी म्हटलं चहा टाकतो. नको म्हणाले. सरळ बाहेर गेले, कव्हर अर्धं वर केलं, मागचं दार उघडलं — माझे टॉवेल खाली मातीत पडले — आणि आत जाऊन बसले. बूट घालून! दार ओढून घेतलं.

मी काचेवर टकटक केलं. काच खाली न करता आतूनच म्हणाले, "बाबा, पाच मिनिटं बसू द्या."

पाच मिनिटं कसली! माझा चहा पिऊन कपही धुऊन झाला. मग बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "चांगली ठेवलीत गाडी" एवढंच म्हणाले आणि मोटरसायकलवरून गेले. आत मॅटवर बुटाचे दोन ठसे, मळकट! जीव जाळून स्वच्छ ठेवा आणि बाप स्वतः बूट घालून बसतो! पोरीच्या फुप्फुसांची काळजी मी एकट्यानेच करायची?

मॅट पुन्हा धुतले. टॉवेल पुन्हा पिळून बसवले.

२० मार्च, शुक्रवार

चिंगी दूध प्यायली. नळीने नाही, स्वतः ओढून! हिने तीनदा तेच सांगितलं. मधे थोडी सर्दी झाली होती म्हणे, म्हणून चार दिवस जास्त लागले. आता सोमवार-मंगळवारकडे नक्की.

सर्दी! बघा, डॉक्टर म्हणाले तेच, धूळ! हॉस्पिटलात धूळ असणार. इथे माझ्या गाडीत एक कण दाखवावा कोणी.

छताचा दिवा लागत नाही आज. बल्ब गेला असणार. जुनी गाडी म्हणजे अशी हजार दुखणी. टॉर्च लावून तपासणी केली.

२३ मार्च, सोमवार

उद्या! उद्या सकाळी नक्की. डॉक्टरांनी सही केली.

गाडी आत्ता धुतली. कव्हर घातलंच नाही, पुसून तशीच ठेवली, म्हटलं निदान एक संध्याकाळ तिला नीट बघतो. समोर मशीन बंद, फरशीचं काम संपलं. एवढे दिवस जीव टांगणीला लावून आता संपलं! टॉवेल तेवढे राहू दिले, उगाच शेवटच्या घटकेला घात नको. दाढी उद्याच करेन. आधीच करून ठेवली की काहीतरी होतं.

२४ मार्च, मंगळवार

सगळं लिहितो. ओळीने.

जावईबापू सकाळी आले. मी टॉवेल काढून दारं उघडून तयार. ते बसले, किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. नुसतं टक. गाडी मेली!

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी माझ्या हातातले टॉवेल बघितले. "बाबा, हे दारात होते? म्हणजे दारं पूर्ण लागत नव्हती?" मी म्हटलं, लागत होती, जरा जोर लावून. "मग आतला दिवा?" मी म्हटलं, त्याचा बल्ब गेलाय.

बल्ब गेला नव्हता. दार अर्धवट लागलेलं, म्हणून कव्हराखाली तो दिवा रात्रंदिवस जळत होता, बॅटरी संपेपर्यंत. आणि मी! वीज कंपनीचा माणूस! काउंटरवर बसून आयुष्यभर लोकांना सांगितलं, खोलीत नसाल तर दिवा बंद करा, बिल कमी येईल. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लेक तिकडे बाळाला गुंडाळून खाली येऊन बसलेली, फोनवर फोन, आणि गल्लीत आरशासारखी चमकणारी गाडी जागची हलेना.

तेवढ्यात समोरून हॉर्न. हसऱ्या! खिडकीतून डोकं बाहेर. "काका, बसा. वेळ घालवू नका."

त्या गाडीत? मिशावाल्या तोंडाच्या गाडीत? मी म्हटलं, अहो, डॉक्टर म्हणाले धूळ... पण जावईबापू केव्हाच मागे बसले होते. बसलो. धूळ इतकी की दाराच्या मुठीवर माझ्या बोटांचे ठसे उमटले. आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. 

हॉस्पिटलच्या दारात त्या दोघी उभ्या. लेक वाळली आहे फार. मी उतरलो, तिने ते गाठोडं माझ्या हातात दिलं. वजनच नाही! काही धरलंय असंच वाटेना. टोपी जरा वर केली. हिच्यासारखी हनुवटी. डोळे उघडून एकदा माझ्याकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि शिंकली. मी रडलो. रस्त्यात, हसऱ्यासमोर, वॉचमनसमोर. वॉचमनने खुर्ची आणून दिली.

गाडीत बसताना मी ओरडलो, काचा लावा, सगळ्या काचा लावा! तर लेक म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनीच सांगितलंय, काच थोडी उघडी ठेवा, हवा येऊ द्या." म्हटलं, आणि धूळ? म्हणाली, "कसली धूळ? धुळीचं कोण काय म्हणालं?"

मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

२५ मार्च, बुधवार

विचारलं. सरळ विचारलं, डॉक्टर धुळीबद्दल बोलले होते का? 

"नाही," म्हणाली. बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत. मान वर नाही केली. "तुम्ही तिथे वॉचमनशी भांडत होतात. तुमची छाती, तुमचा राग. काहीतरी काम द्यायला हवं होतं तुम्हाला."

म्हणजे मला कामाला लावलं! पोराच्या हातात खुळखुळा देतात तशी माझ्या हातात गाडी दिली! मी दोन बादल्या घेऊन कंबर मोडतोय, शेजाऱ्यांशी वैर घेतोय, फटीत टॉवेल कोंबतोय, आणि ह्या सगळ्यांना ठाऊक, की हे सगळं फुकट! लेकीला ठाऊक. जावयालाही असणारच. "चांगली ठेवलीत गाडी" म्हणे! फोनवर रोज विचारायचं, गाडी पुसली का, आणि फोन ठेवून तिकडे हसत असतील. त्या मंगळवारी चाकापर्यंत ऐकून घेतलं माझं — मजा बघत होती!

जावईबापूंनी मेकॅनिक बोलावून बॅटरी बदलून घेतली. मी बाहेर गेलो नाही.

२६ मार्च, गुरुवार

हिच्याशी बोलत नाही. चिंगी माझ्या छातीवर झोपते. बाकी कोणाशी काही देणंघेणं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज सकाळी ही दारात उभी राहून म्हणाली, "गाडी पुसली का?" 

रोज विचारते. कालही विचारलं होतं. पुन्हा तेच! जखमेवर मीठ चोळायचं म्हणजे किती! मी पेपर तोंडासमोर धरला. ती आत गेली. गाडीवर धुळीचा थर आहे. पोरांनी मागच्या काचेवर एक तोंड काढलंय. राहू दे.

२९ मार्च, रविवार

ही आंघोळीला गेली तेव्हा लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, आईशी अबोला सोडा," म्हणाली. मग सांगितलं.

सर्दी नव्हती. त्या मंगळवारी चिंगीच्या रक्तात जंतू शिरले होते. तिला पुन्हा श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. दुपारी डॉक्टरांनी हिला सांगितलं, आजोबा असतील तर बोलावून घ्या, बघून जाऊ देत. ही जिन्यात जाऊन बसली आणि मला बोलवायला फोन लावला. मी "हॅलो" म्हटलं, आणि हिच्या तोंडून निघालं, गाडी पुसली का. पुढचं तिला बोलवेना. मी बोलत राहिलो, ती ऐकत राहिली, वरून नर्सने हाक मारेपर्यंत.

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला. आता बाहेर येईल आणि विचारेल. जातो, पुसून येतो. त्या चाकाचंही सांगायचं राहिलंय.